एका दिवसाचे बऱ्हाणपूर : पाहिलेले की दाखवलेले?



मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूर साधारण तासाभरावर. सकाळी गाडी निघते, संध्याकाळी परत. मधल्या वेळात गाईड सांगेल ते शहर. माझी तक्रार गाईडवर नाही, सहलीच्या मांडणीवर आहे.

दिवसभर बोलणे मुमताजचे. १६३१ मध्ये ती इथे बाळंतपणात वारली, तापीपलीकडे आहुखान्यात तिला तात्पुरते दफन केले, मग देह आग्र्याला नेला. हे खरेच आहे. पण ‘ताज इथेच व्हायचा होता’ हे सुरू झाले, की उभे असलेले शहर राहते बाजूला आणि न झालेली इमारत आपण बघत बसतो!

जामा मशीद घ्या. फारुकी राजा आदिलशाह, म्हणजे राजा अली खान, याने ती बांधली. आत अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे. त्यात फारुकींची वंशावळ आणि शके १५११ चा काळ, तिथीवारासकट. मशिदीत संस्कृत का? हा प्रश्न पडायला हवा की नको? तिथे मात्र फोटोपुरते थांबायचे.

कुंडी भंडाऱ्याचेही तेच. खानखाना अब्दुर्रहीमच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारात धरून नुसत्या उतारावर शहरात आणले. वर कुंड्यांची रांग, खाली वाहते पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावांना याहून जवळचे काय असेल?

न्यायदर्शन ऐकीव शब्दालाही प्रमाण मानते. पण तो आप्ताचा हवा. म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जे जसे आहे तसेच सांगायचे आहे, त्याचा. ऐकणाऱ्याला आवडेल तेच सांगितले, तर तो शब्द प्रमाण उरत नाही.

इस्तंबूलहून बुर्सा या जुन्या उस्मानी राजधानीलाही अशाच एकदिवशी सहली जातात. मशीद, कबरी, रेशीमबाजार, चला! पण तिथला प्रवासी बहुधा परका असतो. आपण परके नाही. बऱ्हाणपूर ही फारुकींच्या खानदेशाची राजधानी. मध्ये राज्याची हद्द आली म्हणून आपण तिथे पाहुण्यासारखे वावरतो.

तेव्हा पुढच्या वेळी गाईडला आधी तो संस्कृत लेख दाखवायला सांगा, मग कुंडी भंडारा. ताजची गोष्ट परतीच्या गाडीतही ऐकता येईल.