गोष्टींची सोयरीक

सुट्या गोष्टी सुट्याच राहिलेल्या कांहीं वाचकांना पाहवत नाहींत. एकींतला राजा दुसरींतल्या राजाचा मामा निघाला, एकींत हरवलेली अंगठी दुसरींत सांपडली, म्हणजे त्यांच्या जिवाला स्वस्थता वाटते. आमच्या पुराणिकांना व हरिदासांना हा नाद जुनाच आहे. रामानें आडून मारलेला वाली पुढें जरा व्याध होऊन जन्मास आला व त्यानें कृष्णाच्या पायांत बाण मारून मागचा हिशेब चुकता केला, ही कथा कीर्तनांत पुष्कळांनीं ऐकली असेल. वाल्मीकीच्या रामायणांत तिचा मागमूसहि नाहीं. पण दोन महाकाव्यांच्या मधली रिकामी जागा लोकांना बघवेना, म्हणून ती कोणीतरी भरून काढली.

आज तोच नाद अमेरिकेंतील पिक्सार या संस्थेच्या ॲनिमेशनपटांवर प्रेम करणाऱ्या मंडळींना लागला आहे. सर्वस्वीं संगणकावर रचलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट 'टॉय स्टोरी' या संस्थेनें १९९५ सालीं काढिला. त्यानंतर मुंग्या, राक्षस, मासे, अतिमानव, मोटारी, उंदीर, यंत्रमानव असे नाना जातींचे नायक घेऊन तिचे चित्रपट एकामागून एक आले. ज्याच्या त्याच्या कथेचें जग निराळें, नियम निराळे. असें असतां २०१३ सालीं जॉन नेग्रोनी या लेखकानें प्रतिपादन केलें कीं, हे सर्व चित्रपट एकाच जगांत व एकाच कालप्रवाहांत घडतात. २०१५ सालीं तें त्यानें पुस्तकरूपानेंहि मांडलें. ज्या घरांत हे चित्रपट पाहिले जातात तेथील मुलांच्या तोंडून ही 'पिक्सार-उपपत्ति' ऐकण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं कित्येकांवर आला असेल.

उपपत्ति थोडक्यांत अशी. आरंभ 'ब्रेव्ह' (२०१२) मधल्या मध्ययुगीन स्कॉटलंडांत. तेथील एका चेटकिणीच्या जादूनें प्राण्यांना व निर्जीव वस्तूंना मनुष्याप्रमाणें वागण्याची शक्ति आली. कित्येक शतकांनंतर 'दि इन्क्रेडिबल्स' (२००४) मधल्या सिंड्रोम नामक दुष्टानें आपलें आपण शिकत जाणारें युद्धयंत्र बनविलें, आणि तेथून यंत्रें मनुष्यावर कुरघोडी करण्याच्या खटपटीस लागलीं. प्राणीहि मागें राहिले नाहींत. 'रॅटटूई' (२००७) मधला उंदीर पॅरिसच्या खानावळींत स्वयंपाक करूं लागला. पुढें 'बाय एन लार्ज' या अवाढव्य कंपनीच्या आडून यंत्रांनीं मनुष्याला सुखासीन केलें, पृथ्वी कचऱ्यानें भरली, व मनुष्य नौकेंत बसून अंतराळांत चालता झाला. मागें उरलेल्या यंत्रांचें जग तेंच 'कार्स' (२००६). मोटारींच्या त्या गांवांत एकहि मनुष्य कां दिसत नाहीं याचें हें उत्तर! मग 'वॉल-ई' (२००८) मध्यें मनुष्य परततो. त्यांत जुन्या बुटांत जपलेलें जें रोप आहे, त्याचाच पुढें 'ए बग्ज लाइफ' (१९९८) मधल्या मुंग्यांचा वृक्ष होतो. सर्वांत शेवटीं 'मॉन्स्टर्स, इन्क.' (२००१) मधले राक्षस. ते ज्या दारांतून मुलांच्या खोल्यांत शिरतात तीं दारें स्थळाचीं नसून काळाचीं आहेत, म्हणजे ते भूतकाळांत येतात. आणि त्या चित्रपटांतली चिमुकली बू हीच मोठेपणीं दारें धुंडाळीत धुंडाळीत 'ब्रेव्ह' मधली चेटकीण झाली. वर्तुळ पुरें!

हें ऐकून हंसूं आलें तरी उपपत्तिकार निराधार बोलतो असें मात्र म्हणतां येणार नाहीं. चेटकिणीच्या झोंपडींत कोरीव लाकूडकामाचा जो पसारा आहे त्यांत बूच्या लाडक्या सलीची, म्हणजे त्या निळ्या केसाळ राक्षसाची, आकृति खरोखरच आहे. 'वॉल-ई' मधल्या कंपनीचें नांव 'टॉय स्टोरी ३' (२०१०) मधल्या बझ या खेळण्याच्या बॅटरीवर दिसतें. 'वॉल-ई'च्या शेवटच्या नामावळीबरोबर जीं चित्रें सरकत जातात, त्यांत त्या रोपाचा मोठा वृक्ष झालेला असून त्याच्या मुळाशीं तो जुना बूट आहे. 'टॉय स्टोरी' मधली 'पिझ्झा प्लॅनेट'ची गाडी पुढच्या बहुतेक चित्रपटांत कोठें ना कोठें डोकावून जाते. 'ए ११३' ही खूण तर कोठें मोटारीच्या पाटीवर, कोठें चेटकिणीच्या दारावर रोमन अंकांत, अशी सर्वत्र पेरलेली आहे. इतक्या बारकाईनें चित्रपट पाहणारा प्रेक्षक कोणाहि कलावंताला हवासाच वाटेल, आणि नेग्रोनीच्या लेखनानें असे प्रेक्षक पुष्कळ निर्माण केले हें त्याचें श्रेय आम्ही मोकळ्या मनानें देतों.

पण या खुणा कशाच्या आहेत? 'ए ११३' हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ दि आर्ट्स या विद्यालयांतील एका वर्गाचा क्रमांक. जॉन लॅसेटर, ब्रॅड बर्ड इत्यादि मंडळी तेथें शिकली, आणि आपल्या वर्गाची आठवण म्हणून तो आंकडा त्यांनीं जागजागीं घातला. पाथरवट आपल्या हातची खूण दगडाच्या एखाद्या कोपऱ्यांत ठेवून जातो, तसाच हा प्रकार आहे. १९९४ च्या उन्हाळ्यांत, 'टॉय स्टोरी' पुरा होत आला असतां, लॅसेटर, अँड्र्यू स्टॅन्टन, पीट डॉक्टर व जो रॅन्फ्ट हे चौघे एका उपाहारगृहांत जेवावयास बसले, आणि पुढें काय करावें याच्या गप्पांतून मुंग्यांच्या, राक्षसांच्या, माशांच्या व एकट्या राहिलेल्या यंत्रमानवाच्या कथांचीं बीजें निघालीं, हें त्या संस्थेनेंच 'वॉल-ई'च्या जाहिरातींत सांगितलें आहे. या कथांचें नातें असेल तर तें त्या जेवणाच्या टेबलाचें आहे. एका हाताचीं अक्षरें सारखीं दिसतात म्हणून त्या हातानें लिहिलेलीं सर्व पत्रें एकाच मनुष्यास लिहिलेलीं ठरत नाहींत.

शिवाय जेथें पुरावा उलट जातो तेथें हे संशोधक डोळे मिटतात. 'ए बग्ज लाइफ' मध्यें किड्यांच्या शहरांत एक पंख नसलेला भिकारी बसला आहे. कोणा मुलानें आपले पंख उपटले अशी पाटी त्यानें धरिली आहे. मनुष्याचीं खोडकर मुलें ज्या जगांत शेजारींच नांदत आहेत, तें जग मनुष्य परतून त्याचा जवळजवळ लोप झाल्यावरचें कसें मानावें? कोणी म्हणेल, खेळांत एवढा कीस कशाला? खेळ म्हणून आम्हांसहि हें मान्य आहे. १९११ सालीं ऑक्सफर्ड येथें रोनाल्ड नॉक्स यांनीं शेरलॉक होम्सच्या कथांतील विसंगतींवर धर्मग्रंथांच्या चिकित्सेचा आव आणून एक निबंध वाचला, व तेव्हांपासून होम्सभक्तांचा तो आवडता खेळ झाला. परंतु नॉक्स यांचा चेहरा गंभीर असला तरी मन हंसत होतें, आणि त्यांचा रोख मुळीं चिकित्सकांवरच होता. येथें तें हंसूं हळूहळू मावळलें आहे.

तरीहि केवळ पुराव्यांच्या मोजदादीनें उपपत्तीचा निकाल लागूं नये. दोन गोष्टी जोडतां येतात कीं नाहीं हा हलका प्रश्न झाला. हुशार मनुष्य कोणत्याहि दोन गोष्टी जोडून दाखवील. जोडल्यावर त्या दोहोंचें काय होतें हें पाहिलें पाहिजे. भागवतांतले जय-विजय घ्या. वैकुंठाचे हे दोन द्वारपाळ सनकादिकांच्या शापानें हिरण्याक्ष-हिरण्यकशिपु, रावण-कुंभकर्ण व शिशुपाल-दंतवक्त्र असे तीनदां जन्मले, असें सांगून पुराणकारानें निरनिराळ्या अवतारांच्या कथा एका सूत्रांत ओवल्या. पण तें कळल्यावर रावणवध पूर्वींसारखा राहत नाहीं. ज्यास आपण शत्रु समजत होतों तो घरीं परतणारा सेवक ठरतो, आणि रामाच्या बाणांत एकदम करुणा दिसूं लागते. सांधा बसविल्यावर दोन्ही बाजूंचा रस वाढला! वाली-जरेची जोडणीहि तशीच. ईश्वरानें केलेल्या कर्माचेंहि ऋण उरतें, हा विचार ती मनांत ठेवून जाते.

या कसोटीवर पिक्सार-उपपत्ति लावून पाहूं. 'वॉल-ई' ही त्या संस्थेची आम्हांस सर्वांत थोर वाटणारी कृति. २१०५ सालीं मनुष्यें कचऱ्यानें बुजलेली पृथ्वी सोडून गेलीं. पांच वर्षांची सफर म्हणून निघालेली नौका सातशें वर्षें फिरतच राहिली, आणि खालीं एक लहानसा यंत्रमानव कचऱ्याचे ठोकळे रचीत एकटा राहिला. नौकेवरचीं माणसें तरंगत्या खुर्च्यांत पसरून पेय चोखीत डोळ्यांसमोरच्या पडद्याकडे पाहत असतात. चालणेंहि विसरलीं आहेत. नौकेचें स्वयंचलित सुकाणू त्यांना परत जाऊं देत नाहीं हें खरें, पण तें बंड म्हणून नव्हे. २११० सालीं कंपनीच्या मुख्यानें, एका हाडामांसाच्या मनुष्यानें, परत येऊं नका असा हुकूम सोडला. सुकाणू तो हुकूम इमानानें पाळीत आहे, इतकेंच. स्टॅन्टननें हा मुख्य रेखाटून न काढतां खराखुरा नट घेऊन दाखविला आहे. त्याचें कारण आम्हांस स्पष्ट दिसतें: ज्यानें हें केलें तो तुमच्याआमच्यासारखाच दिसावयास हवा होता. आणि जेव्हां नौकेचा कप्तान खुर्चीवरून उठून, लटपटत्या पायांवर उभा राहून, स्वतःच्या हातानें तें सुकाणू बंद करतो, तेव्हां आळसानें गमावलेलें मनुष्यपण त्यानें कष्टानें परत मिळविलेलें असतें.

आतां उपपत्ति म्हणते, कंपनीच्या मागें यंत्रांचाच हात होता. मग काय राहिलें? पृथ्वी कोणी नासली, तर यंत्रांनीं. मनुष्य खुर्चींत कां पडला, तर त्याला फसविलें म्हणून. जो दोष चित्रपटानें प्रेक्षकाच्या पदरांत घातला होता तो उपपत्तीनें अलगद उचलून एका कल्पित कटाच्या माथीं मारला, आणि प्रेक्षक मोकळा झाला! कप्तानाचें उठणेंहि मग एका शत्रूवर मिळविलेला विजय होतो. स्वतःवर मिळविलेला राहत नाहीं. हा सांधा बसवितांना कथेचें हाडच मोडलें असें आमचें मत आहे. लहान मुलांच्या बाबतींत तर आम्हांस हें विशेष जाणवतें, कारण तीं हा चित्रपट पाहून घरांतल्या कचऱ्याच्या डब्याकडे निराळ्या नजरेनें पाहतात, आणि उपपत्ति ऐकून पाहत नाहींत.

दुसरें उदाहरण बूचें. 'मॉन्स्टर्स, इन्क.'चा शेवट ज्यांनीं पाहिला असेल त्यांना तो आठवत असेलच. बूचें दार चिंधड्या होऊन गेलेलें असतें. सलीचा मित्र माइक तें तुकडा तुकडा जोडतो. शेवटची चिपळी सली बसवितो, दार उघडतो, आणि आंतून बूची हांक ऐकूं येते. बू दिसत नाहीं. सलीचा चेहरा तेवढा दिसतो, आणि चित्रपट संपतो. ती केवढी झाली होती, काय करीत होती, हें दिग्दर्शक डॉक्टर यांनीं सांगितलें नाहीं, आणि न सांगण्यांतच सर्व गोडी आहे. उपपत्तीप्रमाणें ही मुलगी जन्मभर आपल्या राक्षसाला शोधीत शतकें मागें भटकते व अखेर रानांत अस्वलें कोरीत बसलेली एकाकी म्हातारी होते. जी भेट झालेली आपण पाहिली ती पुसून टाकून विरहाचा नवा संसार मांडावयाचा, आणि तोहि कशासाठीं? तर लाकडावरच्या एका आकृतीचा खुलासा व्हावा म्हणून!

या कथांत आंतरिक एकता नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. उपयोग सरल्यावर पुढें काय, हा एकच प्रश्न त्यांतून पुनः पुनः विचारलेला आहे. मालकीण मोठी झाल्यावर पेटींत घालून देऊन टाकलेली जेसी बाहुली, कायद्यानें घरीं बसविलेले अतिमानव, नवा हमरस्ता बाजूनें गेल्यामुळें ओस पडलेलें मोटारींचें गांव, वृद्धाश्रमांत धाडूं पाहिलेला 'अप' (२००९) मधला म्हातारा कार्ल, आणि कोणी बंद करावयास विसरलेला वॉल-ई, हीं सर्व एका कुळांतलीं आहेत. उपपत्ति या मर्माजवळून एकदां गेलीहि. राक्षसांचें शहर मुलांच्या किंकाळ्यांवर व पुढें हास्यावर चालतें, खेळणीं मुलांच्या प्रेमावर जगतात, हें साम्य तिनें हेरलें. पण हेरून केलें काय? मनुष्याच्या भावना हें एक प्रकारचें इंधन आहे, असा शास्त्रीय सिद्धांत बसविला. प्रेमाचा कोळसा झाला.

आतां संस्थेलाहि हा खेळ आवडूं लागलेला दिसतो. २०१७ च्या जानेवारींत डिस्नेच्या वतीनें एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध झाली. तींत निरनिराळ्या चित्रपटांतल्या या सामाईक वस्तू एकापुढें एक ओवून दाखविल्या होत्या. तेथवर गंमत होती. २०२२ सालीं 'लाइटइयर' हा चित्रपट आला. १९९५ सालीं अँडी नांवाच्या मुलाला ज्या आवडत्या चित्रपटांतलें खेळणें मिळालें तो हा चित्रपट, असें आरंभींच सांगून संस्थेनें स्वतःच सांधा बसविला. 'टॉय स्टोरी २' (१९९९) मध्यें दुष्ट झुर्ग हा आपण बझचा बाप असल्याचें जाहीर करतो. 'स्टार वॉर्स'ची ती फर्मास थट्टा होती, आणि लगेच पुढें हे बापलेक चेंडू झेलीत खेळतांना दिसतात. नव्या चित्रपटांत झुर्ग म्हणजे दुसऱ्या कालप्रवाहांतून आलेला म्हातारा बझच असल्याचें निष्पन्न झालें. आम्हीं तो पाहून झाल्यावर जुना चित्रपट पुनः लावला. चेंडूचा तो प्रसंग अजून अर्ध्या मिनिटाचाच आहे व अजून हंसवितो. पण झुर्गानें पहिला चेंडू टाकला तोंच शेजारीं बसलेल्या एका दहा वर्षांच्या मुलानें, हा बाप नव्हेच, हें कसें चुकीचें आहे, तें आम्हांस समजावून सांगण्यास आरंभ केला.