गंजाची उपमा आणि मधुमेह

कर्वेनगरातल्या औषधांच्या दुकानांत ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या सहज मिळतात. त्यांच्या माहितीपत्रकांत, आणि आरोग्यविषयक लेखांतही, एक उपमा वारंवार भेटते : लोखंड गंजते तसे ऑक्सिजनमुळे शरीर गंजते आणि मधुमेह होतो, गंज थांबवा, मधुमेह टळेल. उपमा वर्गात सांगायला सोपी आहे. म्हणूनच ती तपासायला हवी, असे आम्हांला वाटते.

तिच्यात तथ्य आहेच. पेशीतील तंतुकणिका ग्लुकोज व चरबीपासून ऊर्जा मिळवतात तेव्हा ऑक्सिजनची काही अतिक्रियाशील रूपे तयार होतात. इंधन गरजेपेक्षा जास्त झाले की ती वाढतात आणि त्यांचा बंदोबस्त करणारी शरीराची यंत्रणा अपुरी पडते. हाच ऑक्सिडीकरणाचा ताण. त्यामुळे पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, हे २००६ साली पेशी आणि उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

पण लोखंडाला गंजाचा उपयोग नसतो. पेशीला या रेणूंचा असतो. इन्शुलिन पेशीला येऊन जुळले की पेशी स्वतःच थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. इन्शुलिनचा संदेश पुसणारी विकरे त्यामुळे काही वेळ थंडावतात आणि संदेश पुढे जातो. तेव्हा गंजापेक्षा भाजीतल्या मिठाची उपमा बरी : बेताचे हवे, जास्त नको.

गोळ्यांचा अनुभव काय? २००९ साली जर्मनीत रिस्टोव आणि सहकाऱ्यांनी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. काहींना रोज क आणि ई जीवनसत्त्वे दिली. व्यायामाने इन्शुलिनचा प्रभाव वाढला, पण गोळ्या न घेणाऱ्यांत. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत असे आढळले नाही, हेही सांगायला हवे. त्याच वर्षी अमेरिकेतील ६,५७४ स्त्रियांची नऊ वर्षांहून अधिक काळची पाहणी प्रसिद्ध झाली. क, ई जीवनसत्त्वे किंवा बीटा-कॅरोटीन घेऊन मधुमेहाचे प्रमाण घटले नव्हते.

मग जादा इंधन येते कुठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबीचा साठा असू शकतो. ही चरबी यकृतात आणि स्नायूंत साचू लागली, की तिथे इंधनाची गर्दी होते. या छायाचित्राने ताण मोजलेला नाही; पण शोध कुठे घ्यायचा ते दाखवले. गोळी ताणाच्या मागे धावते, साठा तसाच राहतो.

शिक्षकांनी अशी जाहिरात वर्गात जरूर न्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग पेशींवर झाला की माणसांवर? गोळी न घेणारा गट होता का? आणि मोजले काय – रक्तातले एखादे रसायन, की मधुमेह?