एका कायद्याचे वाचन

ग्रंथाचे परीक्षण करावे तसे कायद्याचेही करावे. त्याचे शीर्षक, त्याची भाषा आणि त्याने गाळलेले शब्द, हे सारे बोलके असते. अमेरिकेतील जॉर्जिया या ब्रिटिश वसाहतीने १७३५ साली गुलामगिरीवर घातलेली बंदी या दृष्टीने वाचनीय आहे.

१७३२ च्या राजसनदेनुसार ही वसाहत स्थापन झाली. जेम्स ओगलथॉर्प व त्यांच्या सहकारी विश्वस्तांचे स्वप्न उदात्त होते : इंग्लंडमधील गरिबांनी येथे स्वकष्टाने जगावे. परंतु बंदीच्या कायद्याचे शीर्षक काय सांगते? काळ्या गुलामांना मज्जाव करून वसाहत अधिक संरक्षणक्षम करणे! दक्षिणेस स्पॅनिश फ्लोरिडा होते. कॅथलिक धर्म स्वीकारणाऱ्या फरारी गुलामांना स्पेनच्या राजाने १६९३ पासून मुक्ती देऊ केली होती. म्हणजे या कायद्यात गुलाम येतो तो माणूस म्हणून नव्हे, धोका म्हणून.

त्याच सनदेने कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य नाकारले होते. हे वाचून स्पेनविषयी आपला ऊर भरून येण्याचे मात्र कारण नाही. स्पेनच्या स्वतःच्या वसाहतींत गुलामगिरी सुखेनैव नांदत होती. शत्रूचे गुलाम मुक्त करणे सोपे असते.

१७३८ च्या अखेरीस सॅव्हाना येथील वसाहतकारांनी गुलाम ठेवण्याची परवानगी मागितली. उलट जानेवारी १७३९ मध्ये डेरियन येथील अठरा स्कॉटिश डोंगराळांनी बंदी कायम ठेवावी असा अर्ज केला. त्यांनीही सोयीची कारणे दिली, हे खरे. पण शेवटी त्यांनी म्हटले की, एखाद्या मानववंशाला पिढ्यान्‌पिढ्या दास्यात डांबणे मानवी स्वभावालाच हादरवणारे आहे. या साऱ्या कागदपत्रांत माझ्या मते हाच अर्ज श्रेष्ठ ठरतो. कारण त्यात विवेकाचा आवाज ऐकू येतो.

आम्हां धर्मसेवकांना खाली मान घालायला लावणारी गोष्ट अशी की, जॉर्ज व्हाइटफील्ड या ख्यातनाम प्रॉटेस्टंट प्रवचनकाराने आपल्या अनाथाश्रमाच्या निर्वाहासाठी गुलामगिरीचीच बाजू घेतली. सत्कार्याची ढाल किती सहज पुढे करता येते!

१ जानेवारी १७५१ रोजी बंदी उठली. १७७५ पर्यंत तेथील गुलामांची संख्या सुमारे १८,००० झाली. सोयीच्या पायावर उभारलेला न्याय सोय बदलताच ढासळतो. म्हणून कोणताही कायदा, किंबहुना आपल्या घरी राबणाऱ्याशी केलेला करारही वाचताना एवढेच विचारावे : यात त्या माणसाचे माणूसपण कोठे लिहिले आहे?