न्हावाशेव्याचा ‘सुवर्णकाळ’ व त्याचीं साधनें

उरण, न्हावा व शेवा ह्या बंदरपट्टीविषयीं अलीकडे जें स्थलवर्णनपर लेखन होतें, त्याचा एक सांचा ठरून गेला आहे. आरंभीं समोरच्या घारापुरीचीं लेणीं, मग शिलाहारांचीं गलबतें, आंग्र्यांचें आरमार, नांदते कोळीवाडे. आणि शेवटीं, २६ मे १९८९ रोजीं चालू झालेल्या बंदरानें हें सर्व गिळलें म्हणून एक सुस्कारा. ह्यांतील कांहीं लेख वाचावयास गोड आहेत, हें आम्ही मान्य करतों. इतिहास म्हणून मात्र ते आम्हांस कच्चे वाटतात.

ज्या शिलाहारांचे हे लेखक गोडवे गातात, त्यांचेच लेख त्यांनीं पाहिलेले दिसत नाहींत. उरणनजीक चांजें येथील सोमेश्वराचा शके ११८२ चा शिलालेख घ्यावा. राजाचीं बिरुदें वगळलीं तर मजकूर इतकाच कीं, उरणांतील एका वाडीचें ठरीव उत्पन्न, १६२ द्रम्म, ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवास लावून दिलें. कोंकणांतील दानाच्या दगडांवर गाढवाची जी ओंगळ आकृति पुष्कळदां आढळते, ती दान मोडणाऱ्यास धाक म्हणून. अर्थात् मोडणारे त्या काळींही होतेच. पुढें थोड्याच वर्षांत यादव महादेवाच्या स्वारींत हा सोमेश्वर समुद्रांत बुडाला. सुवर्णकाळ म्हणावयाचा तो हाच काय?

आतां अलीकडचें पाहूं. भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालीं जो लढा झाला, त्यांत १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं जासई-दास्तान परिसरांत गोळीबार होऊन पांच जण मरण पावले. त्या लढ्यामुळेंच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें तत्त्व शासनास मान्य करावें लागलें. सोमेश्वराचे १६२ द्रम्म व हे साडेबारा टक्के एकाच जातीचा पुरावा होत. एकाची ठसेबरहुकूम वाचनें छापलीं जातात. दुसऱ्याचा ह्या लेखांत उल्लेखही नाहीं.

शेव्याच्या कोळीवाड्यांतील कुटुंबें हनुमान कोळीवाड्यांत नेऊन वसविलीं, व तेथील घरांस वाळवी लागली. ज्याचें घर असें दोनदां गेलें, त्याला जुनें शेवें आठवतें ही निराळी गोष्ट आहे. तो त्याचा दावा आहे, आणि त्याची गल्लत आमच्या लेखकांच्या हौशी विरहाशीं कोणीं करूं नये. जी वाळवी घरें पोखरते ती कागद सोडील, असें मानण्यासही आधार नाहीं.

दोष केवळ लेखकांचा नव्हे. मोडी रुमालाचा सुगावा लागतांच आम्ही संग्राहक दहा कोस तुडवितों. पण १९८४ चें पत्रक कोणी पुढें केलें तर ‘हें कालचें’ म्हणून परत देतों. संपादनाच्या नोटिसा, सातबाऱ्याचे उतारे, मोबदल्याच्या पावत्या, तसेंच भरावाखालीं गेलेल्या खाडींतील जाळीं लावण्याच्या जागांचीं नांवें, ज्यांस मिळतील त्यांनीं नकला करून ठेवाव्या. १२ जानेवारी २०२४ रोजीं सेतु खुला झाल्यापासून शिवडीहून तेथें जाण्यास फारसा वेळ लागत नाहीं.