मोनेचा सूर्य

क्लोद मोनेचे 'इम्प्रेशन, सूर्योदय' मी प्रथम पाहिले ते कॉलेजात असताना, काळ्यापांढऱ्या छपाईत. धुके दिसले, होड्या दिसल्या. सूर्य मात्र शोधावा लागला! 'एवढ्यासाठी एवढा गाजावाजा?' असे मी मित्रांना ऐटीत म्हणालो. ते मत आज मला परत घ्यावयाचे आहे.

ल हाव्र बंदरातली १८७२ सालची ही पहाट. १८७४ च्या प्रदर्शनात टीकाकार लुई लरोआने तिची टर उडवली आणि त्या टवाळीतूनच 'इम्प्रेशनिझम' हे नाव रूढ झाले.

पुढे रंगीत प्रत हाती आली, तेव्हा तोच नारिंगी सूर्य जागच्या जागी थरथरताना दिसला. असे का व्हावे? आपला मेंदू उजेड आणि रंग बऱ्याच अंशी वेगळ्या वाटांनी जोखतो. उजेडाची वाट चपळ. वस्तू कुठे आहे, हलते की काय, हे ती सांगते. रंगाची वाट संथ. सारख्याच तेजाचे लाल-हिरवे दिवे सेकंदाला सुमारे २० वेळा आलटूनपालटून लावले, तर एकच पिवळसर रंग दिसतो. उजेडाची तेवढीच उघडझाप मात्र डोळ्यांना कळते.

मोनेचा सूर्य भोवतालच्या आभाळाहून फारसा उजळ नाही. रंगाला तो सापडतो, उजेडाला सापडत नाही. म्हणून तो ठरत नाही, असा उलगडा हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी केला आहे.

म्हणजे त्या छपाईने मला फसवले नव्हते. उजेडापुरते तिने खरेच सांगितले होते. अर्ध्या साक्षीवर निकाल दिला, तो मी.