'हॉर्तुस मलाबारिकुस' : नावे आणि अनामिक

'हॉर्तुस मलाबारिकुस' या ग्रंथाचा विषय निघाला, की आपल्या समाजात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे स्मरण होते. ते उचितच आहे. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने सिद्ध करविलेला हा बारा खंडांचा ग्रंथ आम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. पहिल्या खंडात या तिघांचे कोकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे. चित्रांवरही नागरी नावे कोरलेली आहेत. गोवा सोडून कोचीनच्या देवळाभोवती वसलेल्या लोकांची भाषा अशी युरोपात उमटली, याचा अभिमान कोणास वाटणार नाही?

परंतु ग्रंथाची परीक्षा अभिमानाने होत नाही. ते प्रमाणपत्रच नीट वाचावे. वैद्यांनी दोन वर्षे सकाळ-सायंकाळ बसून, निघंटूशी ताडून माहिती सांगितली. वनस्पती मात्र जाणत्या माणसांकरवी आणविल्या. ही जाणती माणसे कोण, याविषयी ग्रंथ मुका आहे.

कुड्याचेच उदाहरण घ्या. पहिल्या खंडात तो 'कोडग-पाला' या नावाने येतो. अतिसारावर त्याची साल द्यावी, हे निघंटू सांगेल. पण पांढऱ्या कुड्याच्या जोड-शेंगा सुट्या लोंबतात आणि काळ्या कुड्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात, हा भेद ज्याने रानात पाहिला, त्याच्यावाचून निघंटूतील 'कुटज' हा केवळ एक शब्द आहे. कोणता उपचार कोणी सांगितला, याची प्रकरणागणिक नोंद नाही, हा आमच्या मते या थोर ग्रंथाचा मोठा दोष होय.

एक अपवाद आहे. ईळव वैद्य इट्टी अच्युतन याची साक्ष त्याच खंडात त्याच्या लिपीत छापली आहे. त्याने आपल्या घराण्यातील परंपरागत ज्ञान या ग्रंथास दिले. मात्र त्याच्या ज्ञातीस त्रावणकोरच्या देवळांचे दार १९३६ साली उघडले. कोचीन संस्थानात त्याहूनही नंतर. ज्याची विद्या आम्ही घेतली, त्यास देवाच्या दारी उभे केले नाही, हे देवस्थानाशी बांधलेल्या आम्हां वाचकांनी विसरू नये.

के. एस. मणिलाल यांनी ग्रंथातील बहुतेक वनस्पती रानांत पुन्हा शोधल्या आणि २००३ साली इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यामुळे ही परीक्षा आज कोणासही करता येते. तिचे फळ मात्र आपल्या गावी दिसावे. देवराईतील औषधींची सूची करू पाहणाऱ्यांनी प्रत्येक पाल्यापुढे, तो दाखविणाऱ्या वेळीप, गावडा वा कुणबी माणसाचे नाव, त्याच्या संमतीने, अवश्य लिहावे. व्हान रेडेच्या ग्रंथात राहिलेली उणीव आपल्या वहीत तरी राहू नये.