नौकेवरील संसार : 'छिन्नपत्रा'चे एक पुनर्वाचन

रवींद्रनाथ ठाकूर यांचे 'छिन्नपत्र' १९१२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. तेव्हापासून या पत्रसंग्रहाकडे एका एकांतप्रिय कवीची नदीकाठची दैनंदिनी म्हणून पाहण्याची रीत रूढ झाली आहे. विस्तीर्ण पद्मा, निर्मनुष्य वाळवंट, संध्याकाळचे आकाश आणि त्यांच्यासमोर एकटा कवी, हे चित्र खोटे नाही. पण अपुरे आहे. ज्या नौकेतून हे निसर्गदर्शन घडते तिच्यावर अनेकदा एक संसारही असे, आणि त्या संसाराच्या संदर्भात पत्रे वाचली म्हणजे त्यांचा अर्थ पालटतो.

ठाकूर घराण्याची जमीनदारी पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात, शिलाइदह, शाहजादपूर व पतिसर या तीन ठिकाणी पसरलेली होती. तिला जोडणारे रस्ते म्हणजे जलमार्गच. पद्मा ओलांडून इच्छामतीत शिरावे, पाबना शहर मागे टाकावे, पुढे बिले आणि आत्राईसारख्या नद्या यांतून वाट काढावी, असा हा क्रम. घराण्याच्या जुन्या गृहनौकेला रवींद्रनाथांनी 'पद्मा' हे नाव दिले होते. नौकेचे मुक्काम सौंदर्याच्या शोधात ठरत नव्हते; ते वसुलीच्या कामाने ठरत. सहलीचा आनंद कर्तव्याच्या पोटातून उगवतो, हे या प्रवासाचे पहिले वैशिष्ट्य होय.

१८८९ च्या सुमाराचे एक पत्र या दृष्टीने कळीचे ठरते. शिलाइदहच्या पैलतीरी एका अफाट वाळवंटाशी नौका लागलेली आहे. पत्नी मृणालिनीदेवी, त्यांची एक सोबतीण आणि पुतण्या बलेंद्रनाथ फिरावयास गेले आहेत. आरंभी लेखक त्या वाळवंटाच्या निःशब्द विस्ताराचे तन्मयतेने वर्णन करतो. मग अंधार पडतो, मंडळी परतत नाहीत, शोधाशोध सुरू होते. आणि जी शांतता क्षणापूर्वी मोहक होती तीच भयावह होते. मंडळी सुखरूप सापडतात आणि पत्राचा शेवट विनोदाने होतो. तथापि त्या विनोदाआड एक सत्य दडले आहे : माणसे परत येणार अशी खात्री असते तोवरच एकांत रमणीय वाटतो. निसर्गाची भव्यता येथे कुटुंबाच्या उपस्थितीवर उभी आहे. पत्रांची काटछाट होऊनही हे पत्र १९१२ च्या निवडीत टिकले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

काटछाटीचा प्रश्न गौण नव्हे. बहुसंख्य पत्रे पुतणी इंदिरादेवी यांना लिहिलेली. इंदिरादेवींचा जन्म १८७३ मध्ये मुंबई इलाख्यातील कलादगी येथे झाला. वडील सत्येंद्रनाथ याच इलाख्यात सनदी अधिकारी होते. त्यांनी काकांची पत्रे वह्यांत उतरून काढली आणि त्या वह्यांतून रवींद्रनाथांनी निवड केली. ही निवड करताना त्यांनी घरगुती व खाजगी मजकूर पुष्कळ गाळला. तो १९६० च्या 'छिन्नपत्रावली'त परत आला. एकांताची प्रतिमा जितकी अनुभवाची, तितकीच संपादनाची निर्मिती आहे, असे या दोन आवृत्त्यांच्या तुलनेतून म्हणता येते.

काठावरच्या माणसांकडे पाहताना लेखकाची दृष्टी अधिक सूक्ष्म होते. १८९१ च्या जुलैमध्ये शाहजादपूरच्या घाटावर सासरी निघालेली एक मुलगी त्याला दिसते. पुढे 'समाप्ति' (१८९३) या कथेतील मृण्मयीत तिची छाया उमटली. नदी तीच, नौकाही तशीच. परंतु एकाला ती मोकळीक देते, तर दुसरीला माहेरापासून तोडते. पाठ केलेल्या अलंकारिक भाषणातून शाळेसाठी बाके मागणाऱ्या मुलांसमोर 'जमीनदार' म्हणून बसताना लेखकाला स्वतःचेच हसू येते. या आत्मोपहासामुळे पत्रे सरंजामी सहलवर्णनाच्या पातळीवर उतरत नाहीत. मात्र नौका चालविणाऱ्या माझींचे अंतरंग या पत्रांत जवळजवळ उघडत नाही, ही मर्यादाही नोंदविली पाहिजे.

याहून मोठे मौन आहे ते स्त्रीचे. रवींद्रनाथांची पत्नीला लिहिलेली पत्रे 'चिठिपत्र'च्या पहिल्या खंडात प्रसिद्ध झाली. मृणालिनीदेवींची उत्तरे मात्र उपलब्ध नाहीत. १८९८ पासून १९०१ पर्यंत त्यांनी शिलाइदहला संसार मांडला आणि १९०२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या वाळवंटात वाट चुकल्यावर त्यांना काय वाटले, हे वाचकाला केवळ नौकेत वाट पाहणाऱ्याच्या शब्दांतूनच कळते. पुत्र रथींद्रनाथ यांच्या १९५८ मधील इंग्रजी आठवणींनी ही पोकळी अंशतः भरून निघते. त्यांत जगदीशचंद्र बसू पाहुणे म्हणून येतात, दर भेटीला नव्या कथेची मागणी करतात आणि मुलाला वाळूतील कासवांची अंडी शोधावयास शिकवितात. वडिलांच्या पत्रांतील ध्यानस्थ नदी मुलाच्या स्मरणात खेळाचे अंगण होते.

म्हणूनच 'छिन्नपत्र' एकटे वाचणे अन्यायाचे ठरेल. 'छिन्नपत्रावली', 'चिठिपत्र' आणि रथींद्रनाथांच्या आठवणी शेजारी ठेवल्या म्हणजे कवीचा एकांत लहान होत नाही. त्याची किंमत कोणी कोणी दिली, हे समजते. ग्रंथाच्या नावातील 'छिन्न' या शब्दाचा अर्थ त्या ज्ञानाने पुरा होतो. पाने जेथून तुटली तेथेच तो संसार जोडलेला होता.